अळंबी पिशवीत, जमीन फायलीत



२००२ च्या पावसाळ्यात आपल्या पाड्यांत दोन कागदांची चर्चा होती.

पहिला कागद दिल्लीचा. ३ मे २००२ ला केंद्र सरकारच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडले. जंगल जमिनीवरची अतिक्रमणे त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या आत हटवा, असा त्याचा हुकूम होता. देशात साडेबारा लाख हेक्टर जंगल अतिक्रमणाखाली आहे असे त्यात म्हटले होते. त्या साडेबारा लाखांत तुमचा-माझा नागलीचा तुकडाही त्यांनी धरला आहे, हे विसरू नका.

दुसरा कागद रंगीत आहे. त्याच्यावर गुलाबी अळंबीचा मोठा फोटो. आदिवासी महिलांसाठी अळंबी लागवडीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण, मोफत, चहा-नाष्टा मिळेल.

मी त्या प्रशिक्षणाला तिन्ही दिवस बसले. वहीत सगळे लिहून घेतले. शिकवणाऱ्या मॅडम मनापासून शिकवत होत्या, त्यांच्याशी आपले काही भांडण नाही. पण शेवटच्या दिवशी साहेब आले. हार घातला, नारळ फुटला, आणि ते म्हणाले, "जंगल जमिनीसाठी मोर्चे काढून काय मिळणार? त्यापेक्षा ही अळंबी लावा. हिला जमीन लागत नाही. तुमच्या झोपडीतच होते."

हिला जमीन लागत नाही. हे एक वाक्य साहेब बोलून गेले आणि गाडीत बसून निघून गेले. आपल्या काही बायांना ते पटले पण. म्हणून हा लेख लिहायला घेतला. अळंबीला जमीन लागते की नाही, ते आपण नीट बघू. आणि साहेबांच्या आधी अळंबी कोणाला माहीत होती, ते पण बघू.

अळंबी आपल्याला कोणी शिकवायची?

साहेबांनी आणलेली अळंबी धिंगरीच्या जातीची. शास्त्रात तिला प्लुरोटस जामोर म्हणतात. मॅडमनी फळ्यावर नाव लिहिले तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने पिशवीतली अळंबी हातात घेतली, उलटी केली, वास घेतला आणि म्हणाली, "ही तर आपली लाकडावरची." मॅडम पण म्हणाल्या की बरोबर आहे, ही रानात मेलेल्या लाकडावर आपोआप येते.

आपल्याला ती माहीतच आहे. पाऊस लागून चांगला मुरला, मध्ये दोन दिवस उघडीप पडली, की आंब्याच्या पडलेल्या खोडावर, जुन्या ओंडक्यावर ती घोसाने फुटते. दांडा जवळजवळ नसतोच, लाकडालाच बाजूने चिकटलेली असते, एकावर एक, पंख्यासारखी. खालच्या पडद्या गुलाबी, थेट बुडापर्यंत उतरलेल्या. कोवळी असते तेव्हा रंग असा की लग्नातल्या लुगड्याला पण नसेल.

आता खाण्याचे सांगते. शहरातले लोक हॉटेलात पैसे मोजून अळंबी खातात आणि आपली पोरं आश्रमशाळेतून घरी आली की रानभाजीला नाक मुरडतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

काढायची ती कोवळी. कडा अजून आत वळलेल्या असाव्यात, रंग गडद असावा. कड पसरून पातळ झाली, रंग उडून फिकट पडली, की ती चिवट होते आणि तिला वाईट वास मारतो. ती तिथेच सोडायची. घोस विळ्याने बुडातून कापायचा, ओंडका उचकटायचा नाही, म्हणजे त्याच ओंडक्यावर परत येते. घरी आणून झटकायची, पडद्यांत किडे बसलेले असतात. पाण्यात फार वेळ ठेवायची नाही, पाणी पिते. बुडाचा कडक भाग काढून टाकायचा आणि बाकीची हाताने उभी फाडायची. सुरीने बारीक चिरलेली अळंबी आमच्या घरी कोणाला आवडत नाही.

मग कोरड्या तव्यावर टाकायची. तेल नाही, काही नाही. तिचेच पाणी सुटते. ते पाणी आटेपर्यंत थांबायचे. घाई केली तर भाजी गिळगिळीत होते. पाणी आटले की खुरासणीचे तेल, ठेचलेला लसूण, कांदा असेल तर कांदा, लाल मिरची, मीठ. बस. गुलाबी रंग हळूहळू जातो, पिवळट होतो, मग तांबूस. रंग गेला म्हणून पोरं रडतात, पण चव तेव्हाच येते. कडा कुरकुरीत होईपर्यंत परतली तर सुक्या मटणासारखी लागते. कोणी उडदाच्या डाळीत घालतात, कोणी सुकटीबरोबर करतात. आणि रानातच भूक लागली तर मीठ-मिरची लावून पळसाच्या पानात गुंडाळायची आणि निखाऱ्यात सारायची. पान काळे पडले की काढायची. ती चव ज्याने घेतली त्याला पिशवीतली अळंबी दाखवून भुलवता येत नाही.

कच्ची मात्र कधी खायची नाही. आणि त्याच दिवशी खायची. ही अळंबी ठेवायची चीज नाही. एक रात्र गेली की मऊ पडते, दुसऱ्या दिवशी वास सुटतो.

रंगाला भिऊ नका, रंगावर भरवसा पण ठेवू नका

शाळेतल्या पोरांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. "रंगीत अळंबी विषारी आणि पांढरी चांगली" असे पुष्कळ लोक सांगतात. ते खोटे आहे. ही गुलाबी आपण खातो. आणि पांढऱ्याशुभ्र अळंब्यांत अशा आहेत की खाल्ल्यावर काही दिवसांनी माणूस काळीज निकामी होऊन मरतो. गवतात, उकिरड्याजवळ मोठी पांढरी छत्री येते, जुनी झाली की तिच्या खालच्या पडद्या हिरवट होतात. ती खाल्ली की उलट्या-जुलाब सुरू होतात. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळा होतो का, कीड लागली आहे का, ह्या परीक्षांवर पण जाऊ नका. विषारी अळंबी ह्या सगळ्या परीक्षांत पास होते.

मग कसे ओळखायचे? घरातल्या म्हातारीला विचारून. कोणत्या लाकडावर आली, कोणत्या महिन्यात आली, दांडा कसा, पडद्या कशा, वास कसा. हे सगळे जुळले तरच. एक जरी गोष्ट जुळली नाही तर नाही खायची. पांढरे कपडे घालून पाड्यावर कोणी आले म्हणजे तो भला असे नाही, हे आपण निवडणुकीत शिकलोच आहे. अळंबीला पण तोच नियम.

हे ज्ञान आपल्या म्हाताऱ्यांकडे आहे. पण ते वहीत राहत नाही, रानात राहते. रानात जायची वाट बंद झाली की एका पिढीत ते ज्ञान पण संपते. मग आपल्या नाती हातात प्रमाणपत्र घेऊन उभ्या राहतील आणि ओंडक्यावरची अळंबी ओळखता येणार नाही.

आता पिशवीचा हिशोब

साहेब म्हणाले, जमीन लागत नाही. माझ्या वहीतलाच हिशोब मांडते.

पहिली वस्तू पेंढा. अळंबी पिशवीत भाताच्या पेंढ्यावर वाढते. पेंढा कापायचा, भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळायचा, थर देऊन पिशवीत भरायचा. एका पिशवीला साधारण किलोभर सुका पेंढा धरला तर शंभर पिशव्यांना एक क्विंटल. आता सांगा, पेंढा कोणाकडे आहे? ज्याच्याकडे भाताचे खाचर आहे त्याच्याकडे. ज्याचा प्लॉट गेला त्याच्याकडे पेंढा कुठून येणार? सावकाराकडून विकत. म्हणजे ज्याने बापजाद्यांची जमीन गिळली, त्याच्याच खळ्यावरून पेंढा आणायचा आणि त्याच्यावर अळंबी पिकवायची. साहेब, हिला जमीन लागते. फक्त ती दुसऱ्याची लागते.

दुसरी वस्तू पाणी. पिशव्या फोडल्या की दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडायला लागते, हवा ओली ठेवायला लागते. पावसाळ्यात ठीक आहे. मार्च-एप्रिलला आपल्या बाया हंडा घेऊन किती लांब जातात ते साहेबांना माहीत नाही काय? टँकरची वाट बघत रात्र काढणाऱ्या बाईला सांगायचे, की आधी अळंबीला पाणी शिंपड.

तिसरी वस्तू बियाणे. ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर अळंबीची बुरशी वाढवून ते प्रयोगशाळेत तयार करतात. आपल्याला घरी करता येत नाही. नागलीचे बी आपण कणगीत ठेवतो, आयशीने ठेवले, आजीने ठेवले. अळंबीचे बी दर वेळी बाहेरून विकत आणायचे. वेळेवर आले नाही तर पेंढा कुजला. खराब निघाले तर सगळी मेहनत गेली, आणि तक्रार कोणाकडे करायची ते कागदावर लिहिलेले नाही.

चौथी वस्तू बाजार. वर लिहिले आहे, ही अळंबी एक रात्र पण नीट टिकत नाही. आपल्या पाड्यापासून डांबरी रस्ता चालत गाठायचा, तिथून एसटी, एसटी आली तर. शहरात पोचेपर्यंत गुलाबी पंखा मऊ पडलेला. व्यापारी बघणार आणि म्हणणार, माल उतरला, निम्म्या भावात देते तर दे. आपल्याला उन्हात बसून परत आणता येत नाही म्हणून देऊन टाकायची. मोहाच्या फुलांचे, डिंकाचे, हिरड्याचे हेच झाले आहे, अळंबीचे वेगळे काय होणार?

पाचवी वस्तू झोपडी. बंद खोलीत अळंबी पिकली की तिची बारीक भुकटी हवेत उडते. रोज श्वासात गेली की काही लोकांना खोकला, ताप, दम लागतो. लागवडीची खोली वेगळी हवी, तोंडाला फडके बांधायला हवे. मॅडमनी हे सांगितले. साहेब म्हणतात झोपडीतच होते. ज्या झोपडीत पोरं झोपतात तिच्यातच?

मी असे म्हणत नाही की कोणी शिकू नका. ज्यांना जमते त्यांनी जरूर लावा. गावात खाचर आहे, पेंढा आहे, पावसाळ्याचे चार महिने घरच्या खाण्यापुरते आणि शेजारच्या बाजारापुरते झाले तर चांगलेच आहे. पोरांच्या ताटात पडेल. पण पूरक धंदा कशाला म्हणतात? आधी काहीतरी असेल तर त्याला पूरक. जमीनच काढून घेतली तर ही अळंबी कशाला पूरक होणार?

अळंबी कालवण आहे, भाकर नाही

ताज्या अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणी असते. तव्यावर टोपलीभर टाका, पसाभर उरते. ती कालवण आहे. कालवणाला भाकर लागते. भाकरीला नागली लागते. नागलीला डोंगर उताराची वरकस जमीन लागते. आणि तीच जमीन २००२ च्या पत्राने ३० सप्टेंबरच्या आत रिकामी करायला सांगितली. नेमकी तेव्हा, जेव्हा नागली-वरई शेतात उभी असते.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला पोरं कुपोषणाने गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आपला पत्ता कळला. तेव्हापासून किती योजना आल्या ते तुम्हीच मोजा. कोंबडी आली, शिवणयंत्र आले, आता अळंबी आली. प्लॉटचा कागद आला का?

आणि दरवर्षी पेपरात बातमी असते, आदिवासी भुकेपोटी कंदमुळे खातात. दुसरे कोणी म्हणतात, ती त्यांची परंपराच आहे, भुकेचा काही संबंध नाही. दोन्ही बोलणारे आपल्याला विचारत नाहीत. आपणच सांगू. जूनला शेवळं आणतो, काकड घालून शिजवतो, ते आवडीने. पहिल्या पावसाला वलगणीचे मासे धरतो, ते आनंदाने. गुलाबी अळंबी सापडली की शेजारी पण वाटा देतो, तो सणच असतो. पण घरात दाणा नाही म्हणून कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खायला लागतो, ती भूक असते. भाकरीबरोबर अळंबी म्हंजे चैन. भाकरीच्या जागी अळंबी म्हंजे उपास. हा फरक जमिनीमुळे पडतो, दुसऱ्या कशामुळे नाही.

रानातली अळंबी कोणाची?

आता गार्डचे बघू. एका बाजूला सरकार अळंबी लावायला शिकवते. दुसऱ्या बाजूला गेल्याच पावसाळ्यात आमच्या पाड्याच्या तीन बाया टोपलीत अळंबी आणि डोक्यावर वाळकी लाकडे घेऊन येत होत्या, तर गार्डने अडवले. लाकडे ठेवून घेतली, विळे ठेवून घेतले. अळंबीची टोपली पण मागितली. एकीने विचारले, "ही कशाला?" तर म्हणाला, "जंगलातले सगळे सरकारचे."

मग मी १९२७ चा वन कायदा बघितला. इंग्रजाने वनोपजात काय काय लिहून ठेवले आहे! झाडे, पाने, फुले, फळे, गवत, वेली, शेवाळ. जनावरांची कातडी, शिंगे, हाडे. मध, मेण, रेशमाचे कोष. वरची माती आणि दगड पण. अळंबीचे नाव त्यात नाही. विज्ञान तर सांगते की अळंबी झाड पण नाही आणि रोप पण नाही, ती बुरशी आहे. इंग्रजाने माती सोडली नाही पण अळंबी विसरला. आपण मात्र ह्या चुकीवर आपला हक्क उभा करायचा नाही. आपला हक्क १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची, असे संसदेने लिहिले आहे. गार्डला हे विचारा: तुझा हुकूम मोठा की संसदेचा कायदा मोठा?

आणि ओंडके गेले कुठे ते पण विचारा. अळंबी मेलेल्या लाकडावर येते. आंबा, उंबर, मोह आपण प्लॉटवर पण राखले, म्हातारे होऊन पडेपर्यंत राखले. महामंडळाने मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या, ते जंगल वाढवले म्हणायचे. आपण आंब्याखाली नागली लावली, ते अतिक्रमण म्हणायचे. कुठल्या रानात अळंबी जास्त येते ते जाऊन बघा, म्हणजे कळेल रान कोणी राखले.

मग करायचे काय?

दिल्लीचे पत्र अपात्र अतिक्रमणे म्हणते. पण पात्र कोण, अपात्र कोण हे ठरवले कधी? १९७८ च्या आधीपासून कसणाऱ्यांचे प्लॉट नियमित करायचे हे राज्य सरकारनेच ठरवले होते. ७ मार्च १९९१ ला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या दाव्यांची चौकशी करा असा आदेश दिला. किती दाव्यांची चौकशी नीट झाली? फायली तहसील कचेरीत पडून राहिल्या. आपल्याकडे बघितलेच नाही, आणि २००२ मध्ये म्हणाले तुम्ही अपात्र. परीक्षा घेतली नाही आणि नापास केले!

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नुसते झेंडावंदन करून घरी जायचे नाही. हे ठराव मांडायचे, मोठ्याने वाचायचे, सही-अंगठे घ्यायचे आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायची:

१) आमच्या गावातल्या जंगल प्लॉटच्या प्रत्येक दाव्याची जागेवर येऊन, ग्रामसभेसमोर चौकशी झाल्याशिवाय कोणालाही हटवता येणार नाही.

२) उभे पीक कापणीआधी कोणी तुडवले, उपटले किंवा त्यात गुरे सोडली तर ग्रामसभा एकत्र जाऊन अडवील आणि तक्रार नोंदवील.

३) अळंबी, शेवळं, कंद, मोह, डिंक, मध, हिरडा आणि बाकीचे गौण वनोपज ग्रामसभेच्या मालकीचे आहे. टोपली, विळा, कोयता जप्त करायचा नाही.

४) रानात पडलेले आंब्या-उंबराचे जुने ओंडके लिलावात काढायचे नाहीत. ते ग्रामसभेला विचारल्याशिवाय हलणार नाहीत.

५) अळंबी लागवडीची योजना ज्यांना हवी त्यांना द्यावी, पण पेंढा, बियाणे आणि विक्रीची जबाबदारी घेऊन. योजना घेतली म्हणून कोणाचा जमिनीचा दावा मागे पडणार नाही, हे लिहून द्यावे.

बायांनी पुढे बसायचे. अळंबी बाया आणतात, नागली बाया लावतात, गार्ड अडवतो ते बायांनाच. मग ठराव पुरुषांनी का वाचायचा?

घरी १९७८ च्या आधीची दंडाची पावती, एकसाली प्लॉटचा कागद, पंचनामा, जे काही असेल ते आता शोधून ठेवा. पावसात भिजू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवा. प्रशिक्षणात पिशव्या फुकट वाटल्या आहेत, त्यांचा पहिला उपयोग हाच करा.

जोहार! जिंदाबाद!